जांभळा चोथा

मी चहा गिळला. झालं ते एवढंच. पण आमच्या धंद्यात चहा गिळणं म्हणजे शिंप्यानं गिऱ्हाइकाच्या कापडाबरोबर स्वतःची बाही शिवून टाकण्यासारखं आहे. आम्ही मळ्यांच्या चहाचे नमुने पारखणारे, दिवसाला दोन-अडीचशे कप चाखतो. चमच्यात घ्यायचा, भुरका असा मारायचा की चहा टाळूवर फवाऱ्यासारखा उडाला पाहिजे, तोंडात एक फेरी, आणि थुंकायचा. कंबरेइतकी उंच पिकदाणी पायानं ढकलत ओट्याच्या कडेनं पुढे सरकायचं. तेहतीस वर्षांत मी थुंकलेल्या चहानं एखादी विहीर भरेल, आणि ते पाणी कुणी पिणार नाही. गिळायचा नाही, कारण गिळला की जीभ खुशामत करायला लागते. हे मला थोरल्या साहेबांनी, तेव्हाच्या आमच्या प्रमुखांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला, चौतीस नंबरच्या कपापाशी, मी गिळला. दोष किटलीचा. आमच्याकडे पाणी उकळायला एक बाई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या, त्यांना सगळे घड्याळबाई म्हणतात, कारण चहा मुरायची सहा मिनिटं त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता मोजतात आणि कधी चुकत नाहीत. त्या मागून सांगत होत्या, "साहेब, शेवटच्या ओळीला हात लावू नका. किटली मधेच बंद पडलीय, पाणी उकळलंच नाही. दूधही घातलं नाही अजून. परत लावते मी." आणि तोवर माझा चमचा तोंडात गेला होता. सवयीचा हात कुणाचं ऐकत नाही.

"काय झालं साहेब?"

"काही नाही. ठसका."

"ठसका लागला की माणूस खोकतो," घड्याळबाई म्हणाल्या. "तुम्ही डोळे मिटलेत."

चव सांगायची म्हणजे, आधी काहीच नव्हतं. गरम, पातळ, किंचित लाकडाची आठवण देणारं पाणी. मग जिभेच्या दोन्ही कडांना तुरटपणा आला, पण आमच्या नेहमीच्या चहाचा खडखडीत तुरटपणा नव्हे, कच्च्या फळाची साल दातानं सोलताना हिरड्यांना लागतो तसा, बारीक. इथे मी थुंकायला हवं होतं. इथेच आम्ही सगळे थुंकतो. मी गिळला, आणि मग घशाच्या मागच्या बाजूनं, सगळं संपल्यावर, गोडवा आला. साखरेचा नाही. ऊन उतरल्यावर ओसरीच्या दगडाला हात लावला तर जो ऊबदारपणा लागतो, त्याला चव असती तर तशी. तो येतच राहिला. मी चमचा हातात धरून उभा होतो आणि तो घशातून वर जिभेवर परत येत होता. ह्या चहाचं सगळं जे काही आहे ते गिळल्यावर आहे. आणि आम्ही थुंकणारी माणसं. हे मला त्या ओट्यापाशी उभ्या उभ्या कळलं, आणि मी ओट्याची कड धरली. भांड्याच्या उलट्या झाकणावर चौतीस नंबरचा चोथा पडला होता. चांगला चोथा नव्या तांब्याच्या भांड्यासारखा लखलखतो, असं आम्हाला शिकवलेलं. हा काळपट, मरगळलेला, कडेला निळसर जांभळा, दारात चेमटलेल्या बोटाच्या नखासारखा. असा चोथा मी आयुष्यात फक्त एकदा पाहिला होता.

तेवढ्यात नवे साहेब आले. हे माझ्या मुलाच्या वयाचे, स्वभावानं चांगले. जीभ त्यांना नाही आणि हे ते मोकळेपणी कबूल करतात, म्हणून मला आवडतात. मला काका म्हणतात. "काका, ते जांभळं आलंय ना आज? पाहिलंत?" मी चौतीस नंबरकडे बोट केलं. जांभळ्या पानाचा चहा म्हणजे वेगळं काही मंतरलेलं झाड नाही. चहाचीच एक जात, तिची कोवळी पानं हिरवी न येता जांभळी येतात, वांग्याच्या सालीत जो रंग असतो त्याच्याच भाऊबंदांपैकी एक रंग पानात उतरतो, उंचावरच्या कडक उन्हापासून झाड त्यानं स्वतःला वाचवतं म्हणतात. आता त्याला चांगले दिवस आलेत. नवे साहेब म्हणाले, "खरेदीदार रोज विचारतायत. दोन पानं लिहून द्या ना काका. कसा करायचा, कसा चाखायचा, पान जांभळं का. छापून वाटू."

"मीच का?"

"तुमच्याइतकं कुणाला कळतं यातलं?" मग जाता जाता सहज त्यांनी विचारलं, "आपल्याकडे पूर्वी आला होता का हो असला चहा कधी?"

घड्याळबाई बिघडलेली किटली पुसत होत्या. त्यांचा हात चालूच होता.

"आठवत नाही," मी म्हणालो.

मला आठवत नाही. मला, ज्याला बावीस वर्षांपूर्वीच्या एका पेटीतला बुरशीचा वास कुठल्या गोदामाचा होता ते आठवतं. ज्याच्या बायकोनं लग्नानंतर महिन्याभरात हात जोडले होते की माझ्या स्वयंपाकातलं मीठ कालच्यापेक्षा किती जास्त ते रोज सांगू नका. मी ते खोटं इतक्या गुळगुळीतपणे बोललो की माझंच मला नवल वाटलं नाही. एकोणीस वर्षांचा सराव होता.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. खरी जीभ त्याची. लहानपणी तो माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि नाकाखाली एकेक पान धरायचा, हे सकाळचं की दुपारचं, हे वरच्या फांदीचं की खालच्या, आणि चुकलो की कानावर टिचकी. मळ्यावरच्या चहाच्या कारखान्यात तो सतराव्या वर्षी लागला, आणि तिशीत तिथला चहा करणारा झाला. म्हणजे पान किती तास कोमेजवायचं, किती वळायचं, किती आंबू द्यायचं, भट्टीत कधी ढकलायचं, हे ठरवणारा माणूस. मला त्यानं शहरात पाठवलं. थोरल्या साहेबांसमोर मला उभं करताना म्हणाला, "ह्याचं नाक माझ्यापेक्षा बरं आहे." ते खोटं होतं आणि आम्हा दोघांना माहीत होतं. मी आत शिरलो, ओट्यापाशी उभा राहिलो, टाय बांधायला शिकलो, आणि हळूहळू मला वाटायला लागलं की ते खरंच असेल.

त्या मळ्याच्या वरच्या टोकाला, हिरव्या झुडपांत, पाच-सात जांभळी झुडपं आपोआप उगवलेली होती. पानं तोडणाऱ्या बायका ती रोगट समजून सोडून द्यायच्या. दादानं त्यातलं पान चावलं. मग तो मॅनेजरच्या मागे लागला, दोन एकर मागून घेतले, त्या झुडपांच्या काड्या लावल्या, आणि पाच वर्षं वाट पाहिली. पाच वर्षं दर सुट्टीत गेलो की तो मला आधी तिथे न्यायचा. वहिनी म्हणायच्या, "मुलं घरी आहेत दोन, पण बघायला तुम्हाला हीच दाखवतात." त्याच्या तोंडी तेव्हा दुसरा विषय नव्हता. मला थोडा कंटाळा यायचा, आणि थोडं दुसरंच काहीतरी वाटायचं, ज्याला मी तेव्हा नाव दिलं नाही. तो तिथे वाकून पान उलटंपालटं करत असायचा आणि मी नवीन बुटांवर माती लागू नये म्हणून बांधावर उभा असायचो.

पहिला चहा तयार झाला तेव्हा त्यानं मला ऑफिसात फोन केला. दोन टेबलांवरची माणसं ऐकत होती. "नमुना येतोय तुमच्याकडे," तो म्हणाला. "तुला सांगून ठेवतो. पाणी उकळतं घालू नका, उकळून जरा बसू दे. दूध घालू नका, दुधानं त्याचा रंग मरतो. आणि हे बघ, थुंकू नकोस. गिळ."

"दादा," मी म्हणालो, "टेस्टरला गिळायला सांगतोस?"

"अरे त्याची चव मागून येते."

"आमच्याकडे पद्धत आहे. सगळ्यांना एकच पाणी, एकच दूध. तुझ्यासाठी वेगळी चूल मांडू का?"

तो हसला होता. मला अजून ते हसणं कानात आहे, कारण त्यात कुठेही दुखावलेलं काही नव्हतं. "बरं बाबा," म्हणाला. "पण गिळ."

पलीकडच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, "भाऊ का? काय, चहा गोड लागेल याची सोय?" सगळे हसले. मीही हसलो. त्या वर्षी थोरल्या साहेबांच्या खालची खुर्ची रिकामी होणार होती आणि ती मला मिळणार की ह्या हसणाऱ्याला, एवढाच प्रश्न होता.

नमुने आमच्याकडे फक्त नंबर घालून येतात. मळ्याचं नाव रजिस्टरात, रजिस्टर बंद. पण आमच्यात एक जुनी रीत आहे. एखाद्या कपात तुम्हाला ओळखीचा हात सापडला, आपल्या माणसाचा, तर तो कप उपडा घालायचा. कुणी काही विचारत नाही. दुसरा टेस्टर येऊन तो नमुना नव्यानं चाखतो. वर्षातून एखाददुसरा कप उपडा पडायचाच. थोरले साहेब म्हणायचे, उपडा कप हा आमच्या ओट्यावरचा सगळ्यात प्रामाणिक कप. त्या दिवशी सतरा नंबरवर मी नाक नेलं आणि मला दादा दिसला. सावलीत वाळवलेल्या धुतल्या कपड्यासारखा वास, तो फक्त त्याच्याच कोमेजवण्यात यायचा, पान तो खिडक्या उघड्या टाकून इतरांपेक्षा चार तास जास्त पसरून ठेवायचा. मला शंका उरली नव्हती. माझा हात कपापर्यंत गेला. पलीकडून तो हसणारा बघत होता की नव्हता, मला अजून ठाऊक नाही. मी कप उचलला आणि सरळच परत ठेवला.

उकळत्या पाण्यातला सहा मिनिटांचा चहा, त्यात दूध. रंग ओल्या भिंतीसारखा झाला होता. मी भुरका मारला. कडू, तुरट, पातळ, बस. थुंकलो. चोथा पाहिला, काळा, मेलेला. आमच्या शिक्षणाप्रमाणे असा चोथा म्हणजे आंबवताना हयगय झालेली, चहा करणारा झोपला होता. आणि तरीही आत कुठेतरी मला कळत होतं की हा दोष नाही, हे मला न समजलेलं काहीतरी आहे. दादा झोपणारा माणूस नव्हता. एवढं कळायला जीभही लागत नव्हती. मी विचारू शकलो असतो. पाणी निववून परत लावा म्हणू शकलो असतो, पाच मिनिटांचं काम. मी रजिस्टर ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला. राख. इतरांच्या चहाला मी चार ओळी लिहायचो, इथे सुधारा, तिथे सुधारा. आपल्या माणसाला सवलत दिली असं कुणी म्हणू नये म्हणून मी त्याच्या तोंडावर दार आपटलं आणि त्याला निःपक्षपातीपणा असं नाव दिलं. संध्याकाळी थोरल्या साहेबांनी सगळ्या अहवालावर सही केली. सतरा नंबर त्यांनी स्वतः चाखला नाही. त्यांनी मला विचारलं होतं, "एकच शब्द?" आणि मी म्हणालो होतो, "दुसरा सापडला नाही." ते माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले, आणि मग माझ्या जिभेवर भरवसा ठेवून सही करून मोकळे झाले.

पुढचं सगळं दोन महिन्यांत उरकलं. मॅनेजरनं अहवाल वाचला, दोन एकर उपटले. दादाला कारखान्यातून काढून पेट्या भरण्याच्या गोदामात घातलं, कारण अहवालात शब्द एकच होता आणि एका शब्दाचा अर्थ मॅनेजरला लागत होता. पंधरा वर्षं त्यानं पेट्यांवर शिक्के मारले. तिथल्या लोकांनी तो शब्द उचलला. दादाला ते राखवाले म्हणायला लागले. समोर नाही म्हणायचे, पण वहिनी पाण्याला गेल्या की बायका म्हणायच्या, सरका गं, राखवालीण आली. हे मला वहिनींनीच हसत हसत सांगितलं होतं, जेवायला वाढताना. मी दोनदा भात मागून घेतला होता.

तो शहरात आला होता तेव्हा. अहवालाचं पत्र हातात. आमच्या ऑफिसच्या जिन्याच्या पायथ्याशी उभा होता, आत यायला तयार नव्हता. "कुणी लिहिलं रे?" म्हणाला. "बघ, ओरडत नाही मी. फक्त सांग. त्याला भेटून पाणी निववून एकदा पाजतो, त्याला कळेल." एवढं सोपं होतं त्याचं म्हणणं. मी बोललो नाही. ह्याचा मी नंतर कितीतरी वेळा आधार घेतला, की मी खोटं बोललो नाही. मी फक्त वर, थोरल्या साहेबांच्या केबिनच्या खिडकीकडे पाहिलं. दादानं माझ्या नजरेमागे नजर नेली. "म्हातारा?" म्हणाला. मी खाली जिन्याच्या पायरीकडे बघत राहिलो. तीन वर्षांनी थोरले साहेब निवृत्त झाले, आम्ही हॉल घेतला, हार, भाषणं. दादा बोलावल्याशिवाय आला, सरळ पुढे गेला, आणि भरल्या हॉलमध्ये म्हणाला, "तुमची जीभ आधीच कुणी कापून ठेवली असती तर माझी झाडं वाचली असती." थोरले साहेब हाराखाली तसेच उभे राहिले. मग त्यांनी शोधून माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या रांगेत. मी त्यांच्या शेजारच्या फुलदाणीकडे पाहत होतो. ते दादाला एवढंच म्हणाले, "सही माझी आहे. बरोबर आहे तुमचं." पाच वर्षांपूर्वी ते गेले. मी सगळ्यात पुढे उभा होतो. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "गेला? बरं."

आणि मग दादा आणि वहिनी शहरात राहायला आले, लेकीच्या जवळ, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. चार वर्षं दर रविवारी मी जातो. चहा होतो, साधा, दुधाचा. मग कधीतरी दादा सुरू करतो, त्या म्हाताऱ्याला चव कशाशी खातात ते तरी ठाऊक होतं का. आणि मी, हो, मी, साथ देतो. त्यांच्या भुरक्याची नक्कल करून दाखवतो. वहिनींना हसू आवरत नाही. आम्ही दोघं भाऊ मिळून त्या मेलेल्या माणसाला चार वर्षं चहाबरोबर खात आलो. माझे सगळ्यात सुखाचे तास तेच होते, हे सांगायची लाज वाटते, पण तसंच आहे. भावाला इतकं जवळ बसलेलं मला दुसऱ्या कशानं मिळत नव्हतं.

चौतीस नंबरची पुडी मी खिशात टाकली. घड्याळबाईंनी पाहिलं. "बरं वाटत नाही म्हणून सांगू का साहेबांना?" म्हणाल्या.

"सांगा."

"काय होतंय विचारलं तर?"

"तुम्हीच काहीतरी सांगा."

"मी सांगेन घशाशी आलंय," त्या म्हणाल्या, आणि किटलीचं झाकण लावलं.

बसमध्ये खिडकीशी बसलो. गोडवा गेला नव्हता, किंवा मीच तो जीभ फिरवून फिरवून शोधत होतो. दोन पानं लिहायची होती. मनात वाक्यं आपोआप जुळत होती, कारण मी हुशार माणूस आहे, माझं वाईट वाटणंसुद्धा शेरे लिहितं. पाणी उकळल्यावर चार मिनिटं बसू द्यावं. पान तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. दूध वर्ज्य, दुधात हा रंग करडा होतो आणि चाखणाऱ्याची फसगत होते. चोथ्याच्या रंगावरून ह्या चहाची परीक्षा करू नये. आणि घोट गिळावा, कारण चव मागून येते. हे शेवटचं वाक्य तर शब्दन् शब्द दादाचं. ते माझ्या नावावर छापलं जाणार होतं, आणि दादा ते वाचणार होता, कारण माझं छापून आलेलं सगळं तो वाचतो, कात्रणं ठेवतो. तो वाचेल आणि म्हणेल, बघ, तुला कळलं, त्या म्हाताऱ्याला कळलं नाही. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. धीर आला होता असं कुणी समजू नये. मी घाबरून चाललो होतो.

दादानं दार उघडलं. बनियनवर होता.

"आज मंगळवार आहे," म्हणाला.

"माहीत आहे."

"मग? काढलं की काय तुला?"

"नाही."

"अरेरे. ये आत. ही भाजीला गेलीय, चहा तुला माझ्या हातचा."

"मी करतो," मी म्हणालो आणि पुडी ओट्यावर ठेवली.

"थुंकणारा चहा करणार? बघू तरी." त्यानं पुडी उघडली, चिमूटभर पान तळहातावर घेतलं, आणि त्याचा हात तसाच राहिला. मग नाकाशी नेलं. म्हणाला, "हे कुठलं?"

"दुसरीकडचं. कुणी छोटा मळेवाला आहे."

"जांभळं आहे रे हे."

"हो."

मग मला चहा करू देणं शक्यच नव्हतं. त्यानं मला कोपरानं बाजूला केलं. पाणी उकळवलं, एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतलं, वाफेवर हात धरून पाहिला. दोन कपांत गाळला, चोथा बशीत काढला, बोटानं पसरला. प्याला. गिळला. मी त्याच्या गळ्याकडे बघत होतो. चौसष्ट वर्षांच्या माणसाच्या गळ्याची कातडी हलली आणि थांबली, आणि तो वाट बघत राहिला, मागून येणाऱ्याची.

"कोमेजवायला घाई केलीय," तो म्हणाला. "अजून तीन तास पसरायला हवं होतं. पण पान चांगलं आहे. पोरगा शिकेल, जो कोण असेल तो." पुन्हा एक घोट घेतला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी एकोणीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. "तो म्हातारा असता तर ह्यालाही राखच म्हणाला असता."

"दादा, तो शब्द माझा होता."

"कुठला?"

पुन्हा सांगणं भाग होतं. "राख. मी लिहिला होता."

त्यानं कप खाली ठेवला नाही, धरूनच ठेवला. "सही त्याची होती."

"सही त्यांची. चाखला मी."

"उकळत्या पाण्यात?"

"हो."

"दूध?"

"हो."

"थुंकलास."

"हो."

"मी फोन केला होता तुला."

"हो."

सकाळी यंत्र सुरू करण्याआधी एकेक पट्टा तपासावा तसं तो विचारत होता. आवाज चढला नव्हता. "माझा आहे हे कळलं होतं?"

"नाक नेलं तेव्हाच."

"मग उपडा का नाही घातलास?"

या प्रश्नाची उत्तरं माझ्याकडे तयार होती, एकोणीस वर्षं घासूनपुसून ठेवलेली. खुर्ची, हसणारी माणसं, पद्धत. त्यातलं एकही मी काढलं नाही. "राग आला होता," मी म्हणालो. "तू मला माझं काम शिकवतोयस असं वाटलं."

"राग," तो म्हणाला. "मला वाटलं, घाबरला असशील."

खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला होता, पाइपातून पाणी खाली जात होतं. ते थांबलं. मग म्हणाला, "त्या हॉलमध्ये मी त्याला काय म्हणालो होतो?"

"दादा, जाऊ दे ना."

"म्हण ना. तुला सगळं आठवतं."

मी म्हणालो. जसंच्या तसं. जीभ कापण्याचं, झाडांचं. छोट्याशा स्वयंपाकघरात ते फार मोठं ऐकू आलं.

"तू कुठे होतास तेव्हा?"

"दुसऱ्या रांगेत."

"त्यानं बघितलं तुझ्याकडे?"

"बघितलं."

"म्हणजे त्याला ठाऊक होतं, कुणाचा शब्द ते. आणि वर मला म्हणाला, बरोबर आहे तुमचं." दादानं कप ओट्यावर ठेवला, विसळला, उपडा न घालता फडक्यानं कोरडा केला आणि फळीवर ठेवला. आत गेला. बाहेर आला तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, केस ओले करून बसवलेले. मला वाटलं आता मारेल. मारावं असं वाटत होतं, त्यानं माझी सोय झाली असती.

"बायको आहे ना त्याची?"

"आहे."

"पत्ता सांग."

मी सांगितला. दवाखान्यामागची गल्ली, शेवटचं घर, तळमजला. तो ओठ हलवून पाठ करत होता.

"मी येतो बरोबर," मी म्हणालो.

"तू कशाला? मी बोललो होतो ते मी परत घ्यायला चाललोय. तुझं तिच्याशी काय आहे ते तू नंतर बघ, मला त्यात घेऊ नकोस." चपला घालताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला, मी पुढे झालो तर त्यानं हात वर केला, थांब म्हणून. "काय सांगू तिला? तुमचा नवरा चांगला होता, आणि मी गाढव? सोळा वर्षांनी?" हे त्यानं मला विचारलं नव्हतं. दार उघडून तो थांबला. "आणि हिला तू सांग. मी सांगणार नाही. पाण्याला ती जायची, मी नाही."

त्याची पावलं तीन मजले खाली जाताना ऐकू आली. दुसऱ्या मजल्यावर थांबली, काहीतरी बोलणं झालं, की झालं नाही, मग पुढे गेली. माझा कप तसाच भरलेला होता. तो पिणं बरोबर दिसेना, ओतून टाकणंही बरोबर दिसेना. बशीतला चोथा सुकत चालला होता, आणि मी नुसता ओट्यापाशी उभा राहिलो.

वहिनी आल्या, धापा टाकत. "भाऊजी? आज कसे? आणि हे जिन्यात भेटले, चांगला शर्ट घालून, हाक मारली तर मान हलवून गेले. भांडलात का दोघं?"

"वहिनी, जरा बसता का?"

"का? कुणी गेलं का?"

"नाही. सांगायचंय काही."

त्यांनी फळीवरच्या कोरड्या कपाकडे पाहिलं, माझ्या भरलेल्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसायला नका सांगू," त्या म्हणाल्या. "मी उभीच बरी आहे. सांगा."

भाजीची पिशवी त्यांच्या हातातच होती. मी सांगायला लागलो.